एका पाषाणस्तंभाची सागरयात्रा

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठावर एक उंच पाषाणस्तंभ उभा आहे. बुंध्याशी रुंद, वर जावे तसतसा निमुळता आणि शेंड्याशी चिमुकल्या पिरॅमिडाच्या आकाराचा असा हा स्तंभ एकाच अखंड शिळेतून घडवलेला आहे. त्याची उंची सुमारे २१ मीटर असून वजन २०० टनांच्या आसपास आहे. त्याच्या चारही अंगांवर पक्षी, प्राणी, माणसे आणि नाना वस्तू यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. ही नुसती नक्षी नव्हे. ही प्राचीन मिसर देशाची चित्रलिपी होय. लोक या स्तंभाला ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणतात. हे नाव जितके मोहक, तितकेच फसवे आहे. हा स्तंभ घडवला गेला तो इसवी सनापूर्वी सुमारे १४५० या काळात, तिसरा थुटमोस या राजाच्या आज्ञेवरून. राणी क्लिओपात्रा त्यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी झाली. अस्वानच्या खाणीतील तांबूस ग्रॅनाइटचा हा स्तंभ प्रथम हेलिओपोलिस या नगरात उभा होता. इसवी सनापूर्वी १२ च्या सुमारास रोमन लोकांनी तो तेथून अलेक्झांड्रिया बंदरात आणला. पुढे केव्हातरी तो कोसळला आणि शतकानुशतके समुद्रकाठच्या वाळूत पडून राहिला.

मिसरच्या वाळूत पडलेला हा प्रचंड दगड लंडनला पोहोचला कसा? तो कोणत्याही जहाजाच्या पोटात बसून गेला नाही. त्याच्याभोवतीच एक नौका बांधण्यात आली आणि ती नौका दुसऱ्या आगबोटीने दोराने ओढत नेली. त्या नौकेचा हा पहिलाच प्रवास होता आणि तो सुमारे ३००० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरांचा होता. या प्रवासात माणसाची कल्पकता दिसून आली, तिच्यातील उणिवा उघड्या पडल्या आणि त्याचबरोबर माणसाचे धैर्यही प्रकट झाले. म्हणून ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

१८१९ साली मिसरचा शासक महंमद अली याने हा स्तंभ ब्रिटनला भेट म्हणून दिला. भेट मोठी होती खरी; परंतु ती घरी नेण्याचा खर्चही तितकाच मोठा होता. सरकारने तो करण्याचे नाकारले आणि स्तंभ जागच्या जागी राहिला. अशी अठ्ठावन्न वर्षे गेली. अखेरीस इरॅस्मस विल्सन नावाच्या एका विख्यात त्वचारोगतज्ज्ञाने हा खर्च स्वतः सोसण्याचे ठरवले. त्याने १०,००० पौंड देऊ केले. मात्र स्तंभ लंडनला सुखरूप उभा राहिला तरच ही रक्कम मिळावयाची होती. जॉन डिक्सन नावाच्या स्थापत्यविशारदाने ही जबाबदारी शिरावर घेतली.

डिक्सनची योजना अशी होती. स्तंभ समुद्राला अगदी लागूनच पडला होता. मग त्याला उचलून जहाजावर चढवण्याचा खटाटोप कशासाठी? तो जेथे पडला आहे तेथेच त्याच्याभोवती लोखंडी पत्र्यांचे एक प्रचंड नळकांडे उभारावे, दोन्ही टोके बंद करावीत आणि ते नळकांडे तसेच गडगडत पाण्यात लोटावे. पेन्सिलीतील शिसे जसे लाकडात बंद असते, तसा स्तंभ त्या नळकांड्यात बंद व्हावयाचा होता. या नळकांड्याचे भाग लंडनमध्ये तयार झाले, सुटे सुटे अलेक्झांड्रियाला गेले आणि तेथे ते एकमेकांना जोडण्यात आले. तयार झालेले नळकांडे सुमारे २८ मीटर लांब होते आणि त्याचा व्यास सुमारे ५ मीटर होता. आतील जागा आडव्या भिंतींनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली होती, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तरी ते दुसऱ्यात जाऊ नये.

दोनशे टनांचा दगड पाण्यावर तरंगेल कसा, अशी शंका साहजिकच येईल. लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला तर तो बुडतो; पण लोखंडाची कढई पाण्यावर अलगद ठेवली तर ती तरंगते. याचे कारण असे की वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारू शकली म्हणजे ती तरंगते. खिळ्याचा आकार लहान. तो आपल्या वजनाच्या मानाने फारच थोडे पाणी बाजूला सारतो. कढईच्या पोटात पोकळी असल्यामुळे ती पुष्कळ पाणी बाजूला सारते. डिक्सनच्या नळकांड्यात स्तंभाभोवती भरपूर पोकळी होती. त्यामुळे दगडाचे आणि लोखंडाचे सगळे वजन पेलूनही ते तरंगणार, हे गणिताने आधीच सिद्ध झालेले होते.

गणित चुकले नाही. परंतु समुद्रतळाने आपला हिसका दाखवलाच. १८७७ च्या ऑगस्ट महिन्यात नळकांडे पाण्यात लोटताना तळाशी दडलेला एक मोठा दगड त्याच्या पत्र्यात घुसला आणि आत पाणी शिरले. ते भोक बुजवून, पाणी उपसून नळकांडे पुन्हा तरंगते करण्यात आले. मग त्याला जहाजाचे रूप देण्यात आले. पुढे नाळ, मागे सुकाणू, तळाला दोन्ही बाजूंनी कण्यासारख्या पट्ट्या, वर खलाशांसाठी लहानशी खोली आणि स्थिरतेसाठी एक डोलकाठी व शिडे, असा त्याचा थाट होता. या विलक्षण नौकेचे नाव ‘क्लिओपात्रा’ असे ठेवण्यात आले. कप्तान कार्टर आणि मूठभर खलाशी तिच्यावर राहणार होते. तिला स्वतःचे यंत्र नव्हते. तिला ओढून नेण्याचे काम ‘ओल्गा’ नावाच्या आगबोटीकडे सोपवण्यात आले. ओल्गाचा कप्तान होता बूथ.

एका नौकेने दुसरीला ओढणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. बैल गाडी ओढतात, इंजिन डबे ओढते, तसेच हे, असे कोणालाही वाटेल. परंतु गाडीला रस्ता असतो आणि डब्यांना रूळ असतात. समुद्राला यांपैकी काहीच नाही. त्याचा पृष्ठभाग क्षणोक्षणी वर उचलला जातो आणि खाली जातो. पुढची नौका लाटेच्या माथ्यावर असते तेव्हा मागची लाटेच्या खळग्यात असू शकते. पुढची उतारावरून वेगाने खाली घसरते तेव्हा मागची चढावर अडखळते. अशा वेळी दोघींमधला दोर क्षणात ढिला पडतो आणि क्षणात ताठ होतो. खरा धोका या ताठ होण्यात आहे.

याचा अनुभव घरच्या घरीही घेता येतो. एखाद्या खेळातील गाडीत वाळू भरून तिला साधा शिवणकामाचा दोरा बांधावा. दोरा ताणलेला ठेवून गाडी हळूहळू ओढली तर ती मुकाट्याने मागे येते. पण दोरा प्रथम ढिला सोडून मग एकदम हिसका दिला तर गाडी जागची हलण्यापूर्वीच दोरा तुटतो. दोराही तोच आणि गाडीही तीच. मग फरक कशाने पडला? जड वस्तूला हळूहळू गती द्यावयाची असेल तर थोडे बळ पुरते. तीच गती तिला एका क्षणात द्यावयाची म्हटले तर कितीतरी पटींनी अधिक बळ लागते. ते बळ दोऱ्याला सोसत नाही. समुद्रात गाडीच्या जागी शेकडो टनांची नौका असते, आणि हिसका देणारा हात असतो महासागराचा.

म्हणून जाणते खलाशी ओढीचा दोर कधीही आखूड ठेवत नाहीत. तो लांब असतो आणि वजनदारही असतो. असा दोर दोन नौकांच्या मधोमध स्वतःच्या भाराने झोळीसारखा खाली लोंबतो व त्याचा मधला भाग पाण्यात बुडालेला राहतो. ही झोळी निरुपयोगी नसते. तीच दोराचे रक्षण करते. पुढची नौका हिसका देऊ लागली की आधी ही झोळी वर उचलली जाते. ती उचलण्यात हिसक्याचे बळ खर्ची पडते आणि मागच्या नौकेपर्यंत पोहोचतो तो सौम्य झालेला ताण. बैलगाडीच्या किंवा मोटारीच्या चाकांवर कमानी जे काम करतात, तेच काम समुद्रात दोराचे वजन करते.

दोराची लांबी ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दोन्ही नौका एकाच वेळी लाटेवर चढतील आणि एकाच वेळी उतरतील, अशा बेताने ते अंतर राखावे लागते. लाटा लांब असतील तर दोर सैल सोडून अंतर वाढवावे, आखूड असतील तर थोडा आवळून घ्यावा. हातात हात घालून चालणाऱ्या दोघांनी पावले जुळवावीत, तसाच हा प्रकार आहे.

याशिवाय इतरही कितीतरी बारकावे आहेत. ओढली जाणारी नौका पुढच्या अंगाला जड असेल तर ती सरळ येत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि दोराला झटके देते. म्हणून तिचे वजन मागच्या अंगाला किंचित अधिक ठेवतात. दोर जेथे नौकेच्या कडेवरून जातो, तेथे तो अहोरात्र घासला जातो. लाटांच्या माऱ्याने न तुटणारा दोर अशा घासण्याने हळूहळू झिजून तुटतो. म्हणून त्या जागी त्याला चामडे किंवा जाड कापड गुंडाळतात आणि वरचेवर तपासतात. वेग बेताचाच ठेवतात. आणि प्रसंग पडलाच तर दोर तत्काळ तोडता यावा, यासाठी कुऱ्हाड हाताशी ठेवतात. कारण बुडणाऱ्या नौकेला बांधलेला दोर ओढणाऱ्या नौकेलाही संकटात लोटू शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळातील वजन. रिकामी घागर पाण्यावर आडवी लोळते; तिच्यात थोडे पाणी भरले म्हणजे ती सरळ राहते. याच न्यायाने नौकेचा तोल राहावा म्हणून तिच्या तळाशी दगड, वाळू किंवा लोखंड भरतात. या वजनाला खलाशी नीरम म्हणतात. नीरम तळाशी घट्ट बसलेले असेल तर ते नौकेचे तारक ठरते. वादळात एका बाजूची लाट नौकेला कलती करते, पण नीरम तिला पुन्हा सरळ करते. परंतु तेच नीरम जागचे सुटून एका कुशीला घसरले, तर तेच नौकेचे वैरी बनते. मग कललेली नौका सरळ होत नाही. उलट अधिकच कलत जाते. क्लिओपात्राच्या तळाशी नीरम म्हणून लोखंडी रूळ ठेवलेले होते.

२१ सप्टेंबर १८७७ रोजी ओल्गा आणि क्लिओपात्रा यांनी अलेक्झांड्रिया सोडले. भूमध्य समुद्राने त्यांना फारसा त्रास दिला नाही. क्लिओपात्रा पुढेमागे झुलत होती, डोलत होती. पण मुकाट्याने मागून येत होती. जिब्राल्टरची सामुद्रधुनी मागे पडली आणि दोन्ही नौका उत्तरेकडे वळल्या. आता त्यांच्यासमोर बिस्केचा उपसागर होता.

हा उपसागर स्पेन आणि फ्रान्स या देशांच्या किनाऱ्यांमध्ये पसरलेला आहे. पश्चिमेकडे तो अटलांटिक महासागराला पूर्णपणे उघडा आहे. हजारो मैलांवरून वाऱ्याबरोबर वाढत आलेल्या लाटा येथे कसल्याही आडोशावाचून येऊन थडकतात. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात तर येथील वादळांचा नाविकांनी धसकाच घेतलेला असतो. ओल्गा आणि क्लिओपात्रा नेमक्या ऑक्टोबर महिन्यात तेथे येऊन पोहोचल्या.

१४ ऑक्टोबरला वादळाने त्यांना गाठले. स्वतःचे यंत्र असलेली आगबोट वादळात आपले तोंड लाटेकडे वळवून टिकाव धरू शकते. दोराला बांधलेली नौका तसे करू शकत नाही. दोर नेईल तिकडे तिला जावे लागते आणि लाटा मारतील तसा मार खावा लागतो. शिवाय क्लिओपात्रा आकाराने वाटोळी होती. वाटोळे ओंडके पाण्यात कसे लोळतात, हे नदीकाठी राहणाऱ्यांना सांगावयास नको. एका प्रचंड लाटेने ती आडवी झाली, तळातील लोखंडी रूळ जागचे सुटले आणि एका कुशीला घसरले. आता ती सरळ होईना. डोलकाठी तोडून टाकण्यात आली. कार्टर आणि त्याच्या सोबत्यांनी त्या अंधाऱ्या, डळमळत्या पोटात उतरून रूळ पुन्हा जागेवर लावण्याची पराकाष्ठा केली. परंतु लावलेले रूळ पुन्हा सुटत होते. अखेर नौका वाचत नाही असे दिसून त्यांनी मदतीची खूण केली.

त्या काळी बिनतारी यंत्रे नव्हती. दोन नौकांमधील बोलणे म्हणजे दिवसा निशाणे आणि रात्री दिवे. भोवती वाऱ्याचा आक्रोश, मधे डोंगराएवढ्या लाटा आणि वर रात्रीचा काळोख. अशा स्थितीत ओल्गावर विचारणा झाली, की क्लिओपात्रावरील माणसांना आणण्यासाठी कोण जाईल? सहा खलाशी पुढे आले. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता. पलीकडची माणसे त्यांच्या नात्यागोत्यातली नव्हती. लहानशी होडी पाण्यात सोडण्यात आली आणि ते सहाजण तीत बसून निघाले. ते क्लिओपात्राच्या जवळपर्यंत पोहोचले. पण तेथे थांबणे त्यांना शक्य झाले नाही. लाटांनी होडी ओढून नेली. ते सहाजण पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत.

त्यानंतर कप्तान बूथने मोठ्या शर्थीने ओल्गा क्लिओपात्राजवळ नेली आणि कार्टर व त्याच्या सोबत्यांना वाचवले. रिकामी क्लिओपात्रा आता दोरापासून मुक्त होऊन समुद्रावर एकटीच वाहत चालली. हरवलेल्या सहा सोबत्यांचा शोध व्यर्थ ठरला. क्लिओपात्राही दिसेनाशी झाली. ती बुडाली असेच सर्वांनी गृहीत धरले आणि तीच वार्ता घेऊन ओल्गा परतली. तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेला स्तंभ समुद्राच्या तळाशी गेला, असे लोकांना वाटले.

पण क्लिओपात्रा बुडाली नव्हती! तिचे नीरम ढळले होते, तिचे कप्पे मात्र शाबूत होते. ती कललेल्या स्थितीत तशीच तरंगत राहिली होती. ‘फिट्झमॉरिस’ नावाच्या आगबोटीला ती वाटेत सापडली. त्या आगबोटीच्या लोकांनी तिला दोर बांधून स्पेनमधील फेरोल बंदरात आणले. समुद्रात बेवारशी सापडलेले जहाज वाचवणाऱ्याला त्याबद्दल मोबदला मिळावा, असा सागरी कायदा आहे. फिट्झमॉरिसच्या मालकांनी ५००० पौंडांची मागणी केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने २००० पौंड देवविले.

या घटनेचा विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. डिक्सनचे मोठे गणित बरोबर होते. नौका तरंगेल, असे त्याने सांगितले होते आणि वादळात सोडून दिल्यावरही ती तरंगतच राहिली. घात केला तो लहानशा गोष्टीने. तळातील रूळ कसे बसवावेत, ते कशाने जखडावेत, या साध्या बाबीत उणीव राहिली होती. मोठमोठ्या योजना पुष्कळदा अशाच एखाद्या सुटलेल्या गाठीमुळे फसतात. आणि त्या उणिवेची किंमत ज्यांनी ती ठेवली त्यांना नव्हे, तर मदतीला धावलेल्या सहा निरपराध माणसांना मोजावी लागली.

फेरोल येथे क्लिओपात्राची डागडुजी झाली. पुढील प्रवासासाठी ‘अँग्लिया’ नावाची बोट लंडनहून पाठवण्यात आली. ओल्गा ही मालवाहू आगबोट होती, तर अँग्लियाची बांधणीच मुळी इतर जहाजे ओढण्यासाठी झालेली होती. दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाके असलेली ही दणकट बोट १८७८ च्या जानेवारीत क्लिओपात्राला घेऊन निघाली. त्याच खवळणाऱ्या उपसागरातून, ऐन हिवाळ्यात, हा प्रवास सुखरूप पार पडला आणि २१ जानेवारी १८७८ रोजी क्लिओपात्रा थेम्स नदीच्या मुखाजवळील ग्रेव्हसेंड येथे पोहोचली. ज्याचे काम त्यानेच करावे, या जुन्या म्हणण्यातील तथ्य यावरून पटते.

१२ सप्टेंबर १८७८ रोजी स्तंभ थेम्सच्या काठी उभा करण्यात आला. त्याच्या चौथऱ्यात त्या काळच्या काही वस्तू पुढील पिढ्यांसाठी पुरून ठेवलेल्या आहेत. त्यांत वर्तमानपत्रे आहेत, लंडनचा नकाशा आहे, आगगाडीचे वेळापत्रक आहे, मुलांची खेळणी आहेत आणि नाणीही आहेत. त्या नाण्यांच्या सोबतीला भारतातील एक रुपयाही आहे. आपल्या देशातील त्या काळचा एक रुपया मिसरच्या स्तंभाखाली, लंडनच्या भूमीत विसावला आहे, ही कल्पनाच किती गमतीची वाटते! पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जवळच पडलेल्या बाँबने चौथऱ्यावर आणि शेजारच्या ब्राँझच्या स्फिंक्समूर्तीवर व्रण उमटले. ते आजही पाहावयास मिळतात.

अलेक्झांड्रियात या स्तंभाचा एक जुळा भाऊ होता. तो अमेरिकेला देण्यात आला. हेन्री गॉरिंज नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्या कामी ओढीचा मार्ग स्वीकारला नाही. त्याने ‘डेसूग’ नावाची एक आगबोटच विकत घेतली, तिच्या पुढच्या बाजूला मोठे भोक पाडले, त्यातून स्तंभ आत सरकवला आणि भोक पुन्हा बंद केले. १८८० साली तो स्तंभ न्यूयॉर्कला सुरक्षितपणे पोहोचला आणि १८८१ च्या जानेवारीत उभा राहिला. एकाला आलेल्या अनुभवाचा लाभ दुसऱ्याला होतो तो असा.

तथापि दोराने ओढून नेण्याची कला यामुळे मागे पडली नाही. ज्या वस्तू कोणत्याही जहाजात मावत नाहीत, त्यांना समुद्रावरून नेण्याचा दुसरा मार्गच नाही. समुद्रातून खनिज तेल काढण्यासाठी लागणारे अवाढव्य मंच, यंत्र बंद पडलेली जहाजे, तरंगत्या गोद्या, या सर्वांना आजही शक्तिशाली ओढबोटी दूरदूर घेऊन जातात. मुंबईच्या बंदरातही मोठी जहाजे धक्क्याला लावताना अशा बोटी त्यांना ओढताना आणि ढकलताना दिसतात. आता दोर पोलादी तारांचे किंवा कृत्रिम धाग्यांचे असतात. हवामानाचा अंदाज पाहिल्यावाचून कोणी लांबच्या ओढीला निघत नाही. दोन्ही नौकांवरील माणसे बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलू शकतात. परंतु दोराची झोळी, दोघींची लाटांवरील जुळलेली पावले, घासणाऱ्या जागेची निगराणी आणि तळातील घट्ट नीरम, ही जुनी सूत्रे मात्र बदललेली नाहीत. कारण समुद्र बदललेला नाही.

ओढबोटींसाठी आज एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. यंत्राने चालणारे मोठे जहाज रात्री आपल्या पुढच्या डोलकाठीवर एक पांढरा दिवा लावते. परंतु दुसऱ्या नौकेला मागून ओढत नेणाऱ्या बोटीने तेथे एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे लावावयाचे असतात. आणि मागची लांबी २०० मीटरांहून अधिक असेल तर तीन. समोरून येणाऱ्या नाविकाला अंधारात ना दोर दिसतो, ना मागची नौका. पण ते दिवे पाहताच तो समजतो की या बोटीमागे कोणीतरी आहे, तिला स्वतःची गती नाही, तेव्हा दोघींच्या मधून न जाता दूरून वळसा घालून जावे.

क्लिओपात्राच्या सुईच्या पायथ्याशी राजांच्या आणि सेनापतींच्या पराक्रमांचे लेख आहेत. तेथेच एका ब्राँझच्या पट्टीवर सहा साध्या खलाशांची नावेही कोरलेली आहेत. वादळात सापडलेल्या नौकेवरील माणसांना साहाय्य करण्याच्या धाडसी प्रयत्नात त्यांनी प्राण दिले, एवढेच तेथे सांगितले आहे. स्तंभ पाहण्यास येणारे लोक मान वर करून त्याची उंची न्याहाळतात. जाणते लोक मात्र क्षणभर खाली वाकतात आणि ती सहा नावेही वाचतात.